मावशीला जास्त हवा नको

मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. तेवढ्यात फॅमिली ग्रुपवर मेसेज आला: "ऑपरेशनमध्ये व्हेंटिलेटर सगळ्यांना एकाच आकड्यावर लावतात. वजनाप्रमाणे हवा आणि भरपूर प्रेशर मागा. पर्सनलाइज्ड सेटिंग केलं की न्यूमोनिया होतच नाही." मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

"सगळ्यांना एकच आकडा." पूर्वी असं सर्रास चालायचं, आणि श्वासही मोठे द्यायचे, हे खरं. फ्रान्समधल्या २०१३च्या चाचणीत पोटाच्या ऑपरेशनचे ४०० रुग्ण होते. मोठे श्वास दिलेल्यांपैकी २७.५ टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली. लहान श्वास आणि श्वासाच्या शेवटी थोडा दाब, म्हणजे पीप, दिलेल्यांत हे प्रमाण १०.५ टक्के होतं. आता लहान श्वासच देतात.

"वजनाप्रमाणे हवा." इथे मेसेज साफ चुकलाय. चरबी वाढली म्हणून फुप्फुस वाढत नाही, ते उंचीवर ठरतं. मावशी १५० सेंटिमीटर आणि ८५ किलो. उंचीवरून हिशेबाचं वजन येतं ४३ किलो. किलोमागे ७ मिली धरले तर एका श्वासाला साधारण ३००. काट्यावरचं वजन धरलं तर ५९५, जवळजवळ दुप्पट! फुगा ताणावा तसं फुप्फुस ताणलं जाईल.

"भरपूर प्रेशर." २०१४ साली ९०० रुग्णांवर हेही तपासलं गेलं. पीप १२ असो वा जेमतेम २, फुप्फुसाचा त्रास दोन्हीकडे ४० टक्क्यांच्या आसपासच. उलट जास्त दाबाच्या गटात बीपी जास्त पडलं, कारण छातीतला दाब हृदयाकडे परतणारं रक्त अडवतो.

राहिलं पर्सनलाइज्ड. पीप पायरीपायरीने बदलत, फुप्फुस कुठे सगळ्यात सहज फुलतं ते शोधायचं. कल्पना मलाही पटते. पण स्पेनमध्ये २०१८ साली पोटाच्या ऑपरेशनच्या हजारभर रुग्णांत ठळक फरक दिसला नाही. एकाच फुप्फुसावर श्वास चालवून केलेल्या छातीच्या ऑपरेशनांत मात्र २०२४ साली गंभीर त्रास १५वरून ६ टक्क्यांवर आला. म्हणजे फायदा आहे, पण सगळीकडे नाही, आणि 'होतच नाही' तर कुठेच नाही.

तेव्हा मावशीला प्रेशर मागायला लावू नका. तिच्या केसपेपरवर वजन आहे, उंचीचा रकाना कोरा आहे, तो भरून घ्या. आणि मावशी, श्वासाच्या व्यायामाचं ते तीन छोट्या चेंडूंचं स्पायरोमीटर फुंकायचं नसतं गं, ओढायचं असतं.