खुलासा : जाड नळीचा स्कोप (रायफलवरची नेम धरायची दुर्बीण) म्हणजे जास्त उजेड, जास्त टिकाऊ?

"शिकारीच्या रायफलला ३० मिमी नळीचाच स्कोप घ्या; एक इंचीत उजेड कमी येतो आणि तो दणक्याने मोडतो," असा मेसेज फिरतोय. उजेडाचा दावा चुकीचा आहे, मजबुतीचा अर्धवट.

पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पॉवर (दृश्य किती पट मोठं दिसतं तो आकडा), एवढा जाड प्रकाशझोत डोळ्याशी येतो. ४० मिमी भिंग ४ पॉवरवर १० मिमी देतं, १० पॉवरवर ४ मिमी. या हिशेबात नळी कुठेच नाही. रायफलवरून काढलेला स्कोप हातभर लांब धरून मागून बघा. उजळ गोल दिसेल, पॉवर वाढवली की तो आक्रसतो. बाकी फरक काचेचा आणि कोटिंगचा.

जाड नळीत सहसा ॲडजस्टमेंटला, म्हणजे नेम वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवायला, जास्त वाव मिळतो, हे खरं. पण दणक्याने नळी क्वचितच मोडते. स्कोपच्या आतली स्प्रिंग ढिली पडते आणि झिरो (गोळी लागते तिथे जुळवून ठेवलेला नेम) हलतो. स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफलचा (छऱ्याच्या बंदुकीचा) झटका तर मागे-पुढे दोन्हीकडे बसतो, मोठ्या रायफलवर तगलेला स्कोपही तिथे बिघडू शकतो. त्यामुळे तुमच्या रायफलच्या झटक्यासाठी तो बनवलाय का, हे आधी विचारा. आणि स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगांचे स्क्रू वाट्टेल तसे आवळू नका, चांगली नळीही चेपते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.