डाव्या पेडलचे आटे

पाच जणांची म्हणून विकली जाणारी हॅचबॅक, सायकल आत आली की तिघांची होते. तेही मागची सीट ६०:४० अशा दोन भागांत वेगवेगळी दुमडणारी असेल तर. सलग असेल तर पुढचे दोघंच. साठचा भाग पाडायचा, दोन्ही चाकं काढायची आणि गिअरची बाजू वर ठेवून फ्रेम आडवी सरकवायची. चेन आधी मागच्या सगळ्यात लहान चक्रावर आणली की चाक सहज निघतं. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक असतील तर पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी हवीच. चाक नसताना लिव्हर दाबला की पॅड एकमेकांना चिकटतात, आणि तो दाबणारं पोर प्रत्येक घरात असतं.

एवढं सगळं येतं मला. दुधाची पिशवी घेऊन पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या काकांना आवरणं तेवढं येत नाही.

"सायकल चालवायलाच चाललायस ना? मग गाडीत कशाला? पोहायला जाताना कुणी बादलीतून पाणी नेतं का?"

मी १५ नंबरचा पाना डाव्या पेडलला लावला.

"उलटा फिरवतोयस."

"काका, डाव्या पेडलचे आटे उलटेच असतात. चालवताना आपोआप सैल होऊ नये म्हणून."

"आटे उलटे? आयुष्यभर घरचे नळ मीच दुरुस्त केलेत!"

"नळाला पाय मारत नाहीत, काका."

हे बोलायला नको होतं. पिशवी बॉनेटवर ठेवून त्यांनी पाना हिसकावला आणि अख्खं वजन टाकून घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे घट्ट, आवळला. "गंजलंय," असा निकाल देऊन पाना परत केला. पेडल निघालं नाही ते नाहीच. चाळीसच्या सीटवर बसलेल्या बायकोच्या बरगडीशी ते पुढचा सगळा प्रवास सलगी करत होतं, आणि बोलणी मात्र मी खाल्ली.

दुसरी सायकल डिकीवरच्या रॅकवर. त्याचे हुक पत्र्यालाच अडकवायचे, काचेवरच्या प्लास्टिकच्या स्पॉयलरला नाही, तो तडकतो. पुढचं चाक फ्रेमला बांधायचं, नाहीतर वाऱ्याने फिरून रंग खरवडतं. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ओढायचे. रॅक चढला की डिकी उघडत नाही, म्हणून डबे, पाणी, पंप सगळं माणसांच्या मांडीवर. शिवाय सायकलीमागे नंबरप्लेट आणि दिवे झाकले गेले तर दंडाची पावती. कंपन्यांना गाडीत पाच-सहा एअरबॅगा बसवता येतात, पण मागे रॅकसाठी चार भक्कम कड्या देणं जमत नाही!

आणि इथूनच चालवत का जात नाही? एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात सायकल ट्रॅक आहेत की. त्यांवर हातगाड्या आहेत, वीजखांब आहेत, उलट्या दिशेने येणाऱ्या स्कूटर आहेत. जागा तेवढी नाही. काकांना हे सांगितलं असतं, पण सोसायटीसमोरच्या ट्रॅकवर रोज उभी असते ती गाडी त्यांचीच.