हरणाऱ्या संघाचेही चाहते असतात

'संघ हरू लागला की कॉलेजच्या खेळांचे चाहते पाठ फिरवतात' हे लेखातलं सरसकट विधान अजिबात पटलं नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या नेब्रास्का विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ 2017 ते 2023 असे सलग सात हंगाम जिंकला कमी आणि हरला जास्त. तरी लिंकन शहरातल्या त्याच्या घरच्या मैदानाची, मेमोरियल स्टेडियमची, 1962 पासून चालत आलेली 'हाउसफुल्ल'ची परंपरा तुटली नाही. वाईट वर्षांत उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेऊन मुलांना वाटली हे खरं, पण हरणाऱ्या संघासाठी खिशात हात घालणं ही निष्ठाच ना?

मी तिथे शिकत असताना सामन्याच्या शनिवारी अख्खं गाव संघाच्या लाल रंगात रंगायचं. माझ्या पुढच्या रांगेतले एक वयस्कर शेतकरी वडिलांच्या काळापासून घराण्याकडे चालत आलेल्या सीटवर बसायचे. आपण हरलो तरी ते उठून उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवायचे. तिथे ही रीतच आहे. राज्यात एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य व्यावसायिक लीगचा, एकही संघ नाही, म्हणून हाच संघ सगळ्यांचा. हार-जितीने फरक पडतो तो फक्त लोकांच्या रागात. 1997च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू) असलेल्या स्कॉट फ्रॉस्टलाही 2022मध्ये प्रशिक्षकपदावरून जावं लागलं. लोक प्रशिक्षकावर भयंकर चिडले होते, पण पुढच्या शनिवारी तेच लोक पुन्हा लाल शर्ट घालून आपापल्या जागेवर हजर होते.