कुत्र्याचे औषध मांजराला निम्म्या मात्रेत चालते का?

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरात मोबाइलवर एक सल्ला हमखास फिरू लागतो: ‘पिसवा-गोचिडांसाठी कुत्र्या-मांजरांच्या मानेवर टाकायचे महाग थेंब ही निव्वळ लूट आहे, गोठ्यातले गोचिडाचे औषध पाण्यात मिसळून कुत्र्याला पुसा, मांजराला त्याच्या निम्मे लावा, आणि थेंब टाकूनही दुसऱ्या दिवशी पिसवा दिसल्या तर औषध बनावट समजा.’ आपल्या शहरात पेठापेठांतून म्हशींचे गोठे असल्याने असली बाटली हाताशीच असते; म्हणून या सल्ल्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

यातला ‘निम्मे लावा’ हा भाग सर्वांत घातक आहे. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते, आणि तेही कधी कधी निम्म्याहून अधिक प्रमाणात. कुत्र्याचे यकृत त्याचा निचरा करू शकते, पण मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी ग्लुक्युरोनिडेशन ही प्रक्रिया फारच क्षीण असते. त्यामुळे विष अंगात साचते, मज्जातंतूंचे संदेश थांबायचे नाव घेत नाहीत, आणि काही तासांत, क्वचित दोन-तीन दिवसांनी, कान फडफडणे, कातडी थरथरणे, तोल जाणे आणि शेवटी झटके असा क्रम सुरू होतो. मात्रा निम्मी केल्याने मांजराचे यकृत बदलत नाही. यावर उतारा नाही. डॉक्टर झटके आवरून शरीराला सावरायला वेळ मिळवून देतात, इतकेच. कुत्रा आणि मांजर एकत्र झोपत असतील, तर कुत्र्याला असे थेंब लावल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत दोघांना वेगळे ठेवावे.

गोठ्यातल्या औषधांत बहुधा सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ असते. पहिली दोन परमेथ्रिनच्याच कुळातली आहेत. अमिट्राझ कुत्र्यांच्या एका प्रकारच्या खरजेवर डॉक्टर वापरतात हे खरे, पण ते मोजून पातळ करून. अंदाजाने टोपणभर ओतलेले अमिट्राझ कुत्र्याने चाटले, तर त्याला गुंगी येते, हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्तातील साखर वाढते. म्हैस अंग चाटते त्याहून कितीतरी अधिक मांजर चाटते, हे तर घरात रोजच दिसते.

राहिला बनावटपणाचा आरोप. बाजारात नकली माल नसतोच असे मी म्हणणार नाही, पण दुसऱ्या दिवशी दिसलेली पिसू हा त्याचा पुरावा नव्हे. घरातल्या एकूण पिसवांपैकी प्राण्याच्या अंगावर असतात त्या जेमतेम 5 टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोश अंथरुणात, फटींत आणि सतरंजीखाली असतात, आणि कोश महिनोन्‌महिने टिकतात. त्यातून बाहेर पडलेली नवी पिसू अंगावर चढते, औषधाने मरते, आणि मरेपर्यंत दिसते. म्हणून घरातल्या प्रत्येक प्राण्याला त्याच्या त्याच्या जातीचे औषध ठरल्या वेळी लावणे आणि अंथरूण गरम पाण्यात धुणे, ही दोन्ही कामे सोबत करावी लागतात. मानेवरच्या काही थेंबांत असणारे फिप्रोनिल हे कीटकनाशक कातडीच्या तेलातून पसरते. त्यामुळे असे थेंब टाकण्याआधी आणि नंतर दोन-दोन दिवस शाम्पूने आंघोळ घालू नये.

मांजराला चुकून कुत्र्याचे औषध लागले आणि झटके अजून सुरू झाले नसतील, तर भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात अंग धुवावे, कोरडे करून गुंडाळावे, आणि औषधाची रिकामी नळी सोबत घेऊन थेट पशुवैद्यांकडे जावे. नळीवरचे नाव वाचले की पुढचे उपचार त्यांना लगेच ठरवता येतात.