नाव पुसू देऊ नका, गाणं खुशाल फिरू द्या

दिवाळी जवळ आली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकवेड्या पट्ट्यात, एक मेसेज फिरू लागतो : ‘मोबाइलमुळं सगळं फुकट झालं. गावचा कलाकार संपला. जगायचं असेल तर गाणं, नाटक नेटवर टाकूच नका.’ यंदा तो मला चार ग्रुपांतून आला. मी नाटकांसाठी गाणी लिहितो. आमच्या नव्या पोरांनी हे खरं मानू नये म्हणून लिहितो आहे.

फुकट मिळाल्यावर तिकीट कोण काढणार, असं त्यात विचारलं आहे. आमच्या नाटक कंपन्यांचं ठाणं असलेल्या वडशात येऊन पाहा. गावात नाटक ठेवणारे गावोगावचे मंडळवाले इथं येऊन नाटक कंपनीशी एका रात्रीचा ठेका करतात. त्या दिवशी गावात मंडई म्हणजे जत्रा, नाहीतर शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असते, घरोघरी पाहुणे उतरलेले असतात. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, तरी कडाक्याच्या थंडीत मांडव भरतो, कारण पाहुण्यांसोबत जागलेली रात्र मोबाइलमध्ये मिळत नाही. उलट मंडळवाले आता ठेक्याआधी नटाच्या क्लिपा पाहून येतात.

यूट्यूबचा पैसा ही थाप आहे, असंही मेसेज म्हणतो. हे अर्धं खरं. 1,000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत लोकांनी व्हिडिओ पाहिल्याचे 4,000 तास, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे छोट्या व्हिडिओंचे, 1 कोटी व्ह्यूज झाल्याशिवाय जाहिरातीतला वाटा मिळत नाही. पुढं लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के मिळतात, पण ते चॅनलवाल्याला. चॅनल दुसऱ्याचं असेल तर गाणारा कोरडाच. तेवढ्यावर घर चालेल असं मीही म्हणणार नाही.

मेसेजचा सगळा राग मेमरी कार्डात फुकटची गाणी भरून देणाऱ्या मोबाइल दुकानावर आहे. त्यानं मला काही दिलं नाही, खरं आहे. पण माझं खरं नुकसान एका कागदानं केलं. चार गाणी मी एका रेकॉर्डिंगवाल्याला 2,000 रुपयांत ‘सर्व हक्कांसह’ लिहून दिली. आज ती वरातीत वाजतात, व्हिडिओवर माझं नाव नाही. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा राखून ठेवला आहे. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच, म्हणजे कलाकारांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेलाच, देता येतो, रेकॉर्डिंग कंपनीला सोडून देता येत नाही. सही करताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं विदर्भात किती वह्यांत उतरवली गेली, किती खंजिऱ्यांवर वाजली, त्याचा हिशेब नाही. कोणी परवानगी मागितली नाही. तरी गाणाऱ्याला शेवटी ‘तुकड्या म्हणे’ म्हणावंच लागतं. नाव चालीतच गुंफलेलं, काढलं तर ओळ मोडते. मी आता शेवटच्या कडव्यात माझं नाव आणि गाव घालतो. मागच्या हंगामात एका मंडळानं त्यावरूनच मला शोधून काढलं आणि नव्या नाटकाची गाणी दिली.

राहिलं मेसेजमधलं शेवटचं, ‘खेड्यातला माणूस ऑनलाइन पैसे देत नाही’. नाटकात बक्षीस देऊन माइकवर नाव पुकारून घेणारा माणूस हाच ना? पुण्याला कामाला गेलेली आमची पोरं आता यूपीआयनं बक्षीस पाठवतात. त्यांचंही नाव माइकवर पुकारायचं असतं, एवढं विसरू नये.

कोणाकडं असा करार सहीला आला असेल तर तो घेऊन वडशात तालमीला या. रात्री मी तिथंच असतो, सोबत बसून ओळन्‌ओळ वाचू.