झुरळांच्या घरचं सुतक

‘परवापासून पन्नास झुरळं गेली हो,’ असं कुणाला सांगावं, तर समोरचा उत्सुकतेनं विचारतो, ‘औषध कुठलं मारलंत?’ प्रयोगशाळेत अमेरिकन झुरळांची वसाहत सांभाळणाऱ्याच्या नशिबी सांत्वन नसतं. घरच्या ओट्यावरचं झुरळ चपलेचे दोन फटके खाऊन फ्रिजमागे पसार होतं. गाजराच्या चकत्या घालून वाढवलेलं झुरळ मात्र ऐन सोमवारी सकाळी उताणं सापडतं.

अशा वेळी आधी मोजायचं, मग घाबरायचं. रोज सकाळी मेलेली चिमट्यानं उचलून वहीत नोंद करायची: नर किती, माद्या किती, पिल्लं किती. नराच्या शेपटाशी जाड शेपट्यांच्या मधे दोन बारीक काड्या असतात, मादीला नसतात. एक दिवस आळस केला की पुरावा गेलाच, कारण तो नातेवाईकच खातात. मागे उरतात पाय आणि पंख. प्रौढ झुरळ साधारण वर्षभर जगतं. म्हणजे दोनशे प्रौढांच्या डब्यात आठवड्याला चार गेली, तर त्याला साथ म्हणत नाहीत, वय म्हणतात. सगळी एकाच तुकडीतली असतील तर म्हातारीही एकदमच होतात. पंखांच्या कडा झिजलेल्या, मिशा आखूड झालेल्या दिसल्या की चौकशी तिथेच मिटवावी.

नाहीतर प्रेताकडे नीट बघायचं. अर्धं अंग जुन्या कातीत अडकलेलं पिल्लू असेल तर हवा कोरडी पडली. पोट चपटं, कागदासारखं झालं असेल तर पाण्याच्या नळीच्या तोंडाला लावलेला कापूस फार घट्ट बसलाय. झुरळ उपाशी महिनाभर काढतं, तहानेनं तेवढं थांबत नाही. म्हणून कुणी उघडी वाटी ठेवली, तर त्यात पिल्लं बुडतात. आणि कोरड्या हवेची दया येऊन कुणी डब्यात पाण्याचे फवारे मारले, की झुरळांना लपायला ठेवलेले कोंबडीच्या अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ओले होतात, बुरशी धरते, कोळीकिडे येतात. मला या दयेचीच जास्त भीती वाटते. ट्रे उभेच ठेवावेत, म्हणजे विष्ठा तळाशी पडते. झाकणात हातभर तरी जाळी हवी, तीही धातूची, कारण नायलॉनची ती कुरतडतात. झाकण काढताच डोळ्यांत पाणी आलं, तर ते दुःखाचं नसतं, अमोनियाचं असतं.

पण लहानथोर सगळी एकाच रात्रीत गेली, काही अजून उताणी पाय झाडतायत, असं दिसलं की उष्णता किंवा विष. दुपारचं ऊन डब्यावर येत नाही ना, तापमापी काय सांगते, हे पाच मिनिटांत कळतं. विषाचा माग काढायला मात्र माणसांशी बोलावं लागतं, आणि तिथे खरी परीक्षा.

‘मामा, इथे काही औषध मारलं का?’

‘छे हो मॅडम! झुरळांच्या खोलीत कोण मारेल?’

‘मग वास कसला येतोय?’

‘तो होय! ते नुसतं डासांचं लावलंय.’

डासांच्या यंत्रातलं औषध आणि झुरळांच्या फवाऱ्यातलं औषध बहुतेकदा एकाच कुळातली, पायरेथ्रॉइडं. डासाला एक आणि झुरळाला एक, असा भेद ती करत नाहीत. म्हणून ‘औषध मारलं का’ असं विचारूच नये, ‘वास कसला’ असं विचारावं. पुढचे संशयित: न धुतलेली कोथिंबीर, कुत्र्याला गोचिडांची पावडर लावून आलेला हात, फिनाईलनं पुसलेला डबा. सगळ्यांत कपटी प्रकार झुरळं मारायच्या विषारी जेलचा. शेजारच्या पँट्रीत कुणी जेलचे ठिपके लावले आणि ते खाल्लेलं मोरीतलं झुरळ आमच्या डब्यात मरायला आलं, की आमची मंडळी त्याला खातात, त्याची विष्ठाही खातात, आणि मरणं हप्त्याहप्त्यानं चालू राहतात.

संशयावर फाशी द्यायची नाही. चार काचेच्या बरण्या घ्यायच्या, आतल्या काठाला दोन बोटं व्हॅसलीन, प्रत्येकीत दुसऱ्या निरोगी डब्यातली दहा झुरळं. एकीत संशयित भाजी, दुसरीत जुन्या डब्यातला ट्रे, तिसरीत जुनं पाणी. चौथीत सगळं नवं. बाकी चारही बरण्यांत सारखं, नाहीतर कळणार काहीच नाही. तीन दिवस बघायचं. चौथीतलीही मेली, तर दोष खोलीच्या हवेतच आहे, आणि मामांशी पुन्हा बोलायला हवं.

प्रेतावर हिरवट-पांढरी लव दिसली की नवखे ‘बुरशीचा रोग!’ म्हणून ओरडतात. मेल्यावर कुणावरही बुरशी येते. ताजं प्रेत ब्लीचच्या पातळ पाण्यात मिनिटभर बुडवून, स्वच्छ धुऊन, ओल्या टिपकागदावर बंद बशीत ठेवावं. चार-पाच दिवसांत सांध्यांसांध्यांतून बुरशी फुटली, एकात नाही तर बऱ्याच प्रेतांत फुटली, तरच तिच्यावर संशय घ्यावा.

जगलेली मंडळी नव्या डब्यात, नव्या ट्रेवर हलवायची. डबा साबणानं धुऊन उन्हात वाळवलेला. जुने ट्रे जाळावेत, ‘पुढे उपयोगी पडतील’ म्हणून कपाटावर ठेवू नयेत. महिनाभर ही वसाहत दुसऱ्या कुठल्याही डब्याशी मिसळायची नाही, चिमटासुद्धा वेगळा.

हलवताना हमखास एक निसटतं. तो जेलचा ठिपका, ते डासांचं यंत्र, मामांची चप्पल, सगळं चुकवून ते कपाटामागे जातं आणि तिथे छान जगतं.