ऑइल बदलल्याने गिअर स्लिप होतात?

‘जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑइल बदललं की गिअर स्लिप होतात, म्हणून हातच लावू नका,’ असा मेसेज फिरतोय. हे चुकीचं आहे. गिअर स्लिप होतात, म्हणजे इंजिन रेस होतं पण गाडी ओढत नाही, ते मुख्यतः गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट झिजल्याने किंवा ऑइलचं प्रेशर कमी पडल्याने. लोक त्रास सुरू झाल्यावरच ऑइल बदलतात आणि खापर नव्या ऑइलवर फुटतं.

इंजिन रेस होतंय पण गाडी ओढत नाही? आधी ऑइलची पातळी बघा. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) असेल तर ती पांढऱ्या कापडावर पुसा. काळपट डाग आणि जळका वास आला तर प्लेट जळाल्याची शक्यता दाट. तिथे नुसत्या ऑइलने भागणार नाही. पातळीच कमी असेल तर गळती शोधा. ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये दिलेल्याच ग्रेडचं घाला. पातळी न तपासता गिअरबॉक्स खोलायला कृपया देऊ नका.